काशीरामची मात

काशीराम धनावडेने आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि ती शुद्धलेखनाची नव्हती. शुद्धलेखनाची असती तर त्याने ती स्वतःच खोडून वर सुधारली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

जयगडला बंदराकडे उतरण लागते तिच्या अलीकडे पत्र्याची एक पिवळी पेटी होती. वर काळ्या अक्षरांत 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' आणि आत एक टेलिफोन, एक बिलाचं यंत्र, दोन स्टुलं आणि काशीराम. डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. त्या पायाच्या बदल्यात सरकारने अपंगांच्या कोट्यातून त्याला हा फोन दिला. "एक पाय देऊन जगभर हिंडतो मी," असं तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवी. जुन्या गिऱ्हाइकांना हा विनोद पाठ होता, तरी ती हसत. कारण निरोप त्याच्याच हातून यायचा.

साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. गावातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी मुंबईला नाहीतर आखातात होतं आणि घरात फोन असलेली माणसं बोटांवर मोजून हातावर बोटं उरतील इतकी. बाकीच्यांनी काशीरामचा नंबर देऊन ठेवलेला. फोन आला की काशीराम जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर निरोप उतरवून घेई आणि त्या वाडीकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती चिठ्ठी देई. अक्षर गोल, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी. ऱ्हस्वदीर्घ चुकण्याची सोय नाही.

त्याचं कारण असं की काशीराम बाहेरून परीक्षा देऊन मराठी घेऊन बीए झाला होता. नववीत असताना तालुक्यात शुद्धलेखनाचं पहिलं बक्षीस त्याचं. मास्तर व्हायचं म्हणून त्याने तीन शाळांत मुलाखती दिल्या. दोन शाळांना तिसऱ्या मजल्यावर चढणारा मास्तर हवा होता, आणि तिसरीतली जागा आधीच भरलेली होती. मुलाखत नुसती रीत म्हणून. तेव्हा एवढं साठवलेलं मराठी खर्च करायला त्याला चिठ्ठीखेरीज दुसरी जागा राहिली नाही.

कोणी फोनवर सांगे, "म्हस व्याली, रेडा झाला." चिठ्ठीत उतरे, "आपल्या म्हशीस पुत्रप्राप्ती झाली." भिकाजीचा मुलगा मुंबईला मामाकडे राहून दहावीला बसला आणि आपटला. मामाने फोनवर दोनच शब्द सांगितले, "पोरगा आपटला." काशीरामने लिहिलं, "चिरंजीवांस परीक्षेत अपेक्षित यश लाभले नाही." भिकाजीने ते दोनदा वाचलं, 'यश' आणि 'लाभले' एवढं उचललं आणि वाडीभर पेढे वाटले. खरं कळलं तेव्हा भिकाजी पेटीशी येऊन म्हणाला, "मेल्या, नापास म्हणायला काय तुझ्या बापाचं गेलं असतं?" सगळं बंदर हसलं. काशीरामही हसला. त्या हसण्याचा पुढे उपयोग झाला असता, पण हसलेलं लक्षात ठेवण्याची रीत नाही.

मरणाच्या निरोपांना तर तो विशेष जपे. 'वारले', 'निवर्तले', 'कालवश झाले', 'देवाज्ञा झाली' असे चार शब्द त्याच्याकडे तयार असत आणि माणसाच्या वयोमानाप्रमाणे तो त्यातला एक काढी. 'मेला' हा शब्द त्याच्या पेनातून कधी उतरला नव्हता.

खाडीकडच्या मोहल्ल्यात हफीजा राहत असे. नवरा होडीवर तांडेल होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. एक मुलगा झैन. तो ओमानच्या एका बंदरात क्रेनचा मेकॅनिक. सव्वीस वर्षांचा. आदल्या साली त्याचं लग्न झालं, बायको इफ्फत, आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी तो परत कामावर गेला. घरात सासू आणि सून. ऑक्टोबर नव्व्याण्णवमध्ये झैनच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. हा सोबती कर्नाटकातला, कुंदापूरचा. झैनला कावीळ झाली, ती यकृतात उतरली, इस्पितळात ठेवलंय, असं त्याने हिंदीत सांगितलं. काशीरामने 'यकृतास किंचित सूज' असं लिहिलं. 'किंचित' त्याचा.

तेव्हापासून हफीजा रोज दुपारची नमाज झाली की चढण चढून पेटीशी येई.

"काशीराम, घंटी वाजली कय?"

"नाय चाची."

"वाजली की मना हाक मारायची. मी वाटेवर असले तरी मार."

"मारतो. तू पाण्याचा घोट घे आधी."

ती पाणी न घेताच परत जाई.

तीन नोव्हेंबर, बुधवार. दिवाळीला चार दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला घंटा वाजली. लाइनीत भजी तळल्यासारखा आवाज आणि त्याच्या आत एक अनोळखी पुरुष.

"हॅलो! जयगड? बैत झैन?"

'बैत' म्हणजे घर, इतकी अरबी पेटीत बसून काशीरामला आली होती. "हां हां, झैन का घर. बोलो. झैन कैसा है?"

"झैन... मरद... मात."

"क्या? जरा जोर से!"

"मात," तो माणूस सावकाश म्हणाला. मग पुन्हा एकदा, "मात."

काशीरामच्या अंगावर काटा आला. आनंदाने. 'मात'! शब्द मराठीच निघाला. मरद, म्हणजे मर्द. मर्दाने मात केली. आणि दोनदा सांगतोय. चांगली बातमीच माणूस दोनदा सांगतो. पलीकडून आणखी काही प्रश्नासारखं ऐकू आलं, खरखरीत बुडालं. काशीराम रिसीव्हरमध्ये ओरडला, "बहुत अच्छा! बहुत अच्छा! शुक्रिया!"

पलीकडून मग फोन ठेवल्याचा आवाज आला. आपल्याकडच्या लोकांविषयी त्या माणसाने पुढे काय मत बाळगलं असेल, ते त्याचं त्याला ठाऊक.

काशीरामने त्या दिवशी कोरा कागद घेतला. पाठकोरा नाही. लिहिलं:

'चि. झैन याने मर्दासारखी झुंज देऊन आजारावर पूर्ण मात केली आहे. काळजी नसावी.'

'झुंज' त्याची, 'पूर्ण' त्याचं, 'काळजी नसावी' तर त्याचंच. तिकडून आलेलं त्यात फक्त झैनचं नाव आणि दोन शब्द होते. पण चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचं मन होईना. त्याने पेटी बंद केली आणि तो स्वतः उतरण उतरून गेला.

हफीजाला देवनागरी वाचता येत नसे. ती लहानपणी मदरशात कुराण वाचायला शिकली होती, तेवढीच तिची अक्षरं. इफ्फत मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेली. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली. हफीजाने ती तीनदा वाचायला लावली. मग काशीरामच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्या दिवशी मोहल्ल्यात शेवया शिजल्या, पीराला चादर चढली, आणि एक वाडगा पेटीत आला. काशीरामने तो चाटूनपुसून खाल्ला. पुढे बरीच वर्षं त्याला शेवया चालल्या नाहीत.

उलट फोन कोणी केला नाही. ज्याने आजारावर पूर्ण मात केली तो अंगात ताकद आली की स्वतःच फोन करणार, हे उघड होतं.

बावीस तारखेला रजिस्टर पाकीट आलं. आत एक अरबी कागद आणि कुंदापूरच्या सोबत्याचं उर्दू पत्र. वाचायला हमीद मास्तरांना बोलावलं. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. मोहल्ल्यातले अरबी कागद तेच लावत. झैनची खुशाली आली असणार म्हणून हफीजाने काशीरामलाही बोलावणं धाडलं. तो पायरीवर बसला.

मास्तरांनी आधी अरबी कागद मनातल्या मनात वाचला. मग पत्र उघडलं. मग चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"हफीजा, तू आत जाऊन जरा पाणी पी."

"वाच, मास्तर."

"आधी पाणी—"

"मास्तर, वाच म्हटलं ना."

मास्तरांनी चष्मा परत लावला आणि ओटीवर शाळेत धडा वाचावा तसं, एका सुरात वाचलं. झैन तीन तारखेला पहाटे फजरच्या वेळी अल्लाला प्यारा झाला. त्याच सकाळी मी इस्पितळात असताना कचेरीतल्या माणसाने घरी फोन लावला आणि विचारलं की मय्यत घरी पाठवायची की इथेच दफन करायची. घरून उत्तर आलं, 'बहुत अच्छा, शुक्रिया.' तेव्हा घरच्यांची इथल्या दफनाला रजा आहे असं आम्ही समजलो. दुपारी असरच्या नमाजनंतर दफन केलं. माती मी दिली. अम्मींना माझा सलाम सांगा.

ओटीवर सात-आठ माणसं होती. एकानेही काशीरामकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काशीराम," मास्तर म्हणाले, "तू ऐकलंस काय? जसंच्या तसं सांग."

"मरद. मात."

"मरद म्हणजे आजार. मात म्हणजे मेला."

"नुसतं 'मात'?"

"नुसतं. अरबीत तेवढ्यात वाक्य पुरं होतं. कर्ता आत असतो." मास्तरांनी पत्राची घडी घातली. घडी नीट बसेना. "तू तेवढा एक शब्द लिहून पाठवला असतास ना, तर ह्या पोरीने मला विचारलं असतं आणि मी वाटेवर उभ्या उभ्या सांगितलं असतं. पोर घरी आलं असतं. निदान त्याची मय्यत."

मास्तरांनी 'त्याची' म्हटलं ते झैनची म्हणून, की पोर हा शब्द नपुंसकलिंगी म्हणून, हे काशीरामला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. त्याचं डोकं अशाच ठिकाणी जाऊन बसे.

हफीजा रडली नाही. ती आत गेली आणि कुराणाच्या कापडी गिलाफातून चिठ्ठी घेऊन आली.

"हे कोणी लिवलं?"

"मी, चाची. पण—"

"तुझ्या हातचं कधी चुकलंय?"

"चाची, माझं ऐकण्यात—"

"त्या कागदावर बघ, मास्तर. झैनच्या बापाचं नाव कय लिवलंय? आणि वय?"

मास्तरांनी पाहिलं. बापाचं नाव अर्धंच होतं आणि वय तीस लिहिलेलं.

"माजा पोर सव्वीसचा. तो कोणी दुसरा झैन. अल्ला त्याला जन्नत देवो," हफीजा म्हणाली आणि चिठ्ठी परत गिलाफात ठेवायला गेली.

काशीरामच्या चिठ्ठीत एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. शुद्धलेखनाला असाही मान मिळेल, असं त्याला बक्षीस देणाऱ्यांना वाटलं नसेल.

नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस इद्दतीत बसायचं असतं. घराबाहेर पडायचं नाही, रंगीत नेसायचं नाही, बांगड्या उतरवायच्या. हफीजाने सुनेला बसू दिलं नाही. "नवरा जित्ता असता बसतंय कोण?" एवढंच ती म्हणाली. मोहल्ल्यातल्या बाया समजवायला गेल्या. त्यांना तिने चहा पाजला आणि झैन कधी येणार याच्या गप्पा मारून वाटेला लावलं.

डिसेंबरात, रोजे सुरू होण्याच्या आधी एका दुपारी, इफ्फत पेटीशी आली. माहेरी फोन करायचा म्हणून आली होती, पण तिने रिसीव्हर उचलला नाही. हातात हिरवा चुडा, अंगावर लग्नातली लाल ओढणी.

"काशीरामदादा, तू ही ओढणी बघतंस?"

काशीराम बिलाच्या यंत्राकडे पाहत राहिला.

"रोज सकाळी सासू चुडा मोजते माजा. एक बांगडी कमी दिसली तर दुसरी आणून घालते. काल डोळे सुजलेले बघितले तर म्हणते, जित्त्याच्या नावाने रडतंस? माज्या पोराचं वाईट चिंततंस?" तिने चुडा वर सारला. "मना बसायचं हय, दादा. मना नुसतं कोपऱ्यात बसून रडायचं हय. चार महिने दहा दिवस तेवढे माजे असतात. त्यातला महिना गेला."

"हमीद मास्तर काय म्हणतात?"

"म्हणतात, दिवस मरणापासून मोजायचे. बसली तरी मोजले जातात, नाय बसली तरी. दहा मार्चला संपतात. मग बसायला काय उरत नाय."

"मी काय करू गो?"

"तू लिवलंस ना?" इफ्फत म्हणाली. "मग तूच पूस."

काशीरामला काही करायचं म्हणजे आधी वाचायचं, ही सवय. ईद झाली. हफीजाने झैनच्या नावचा शीरखुर्मा झाकून ठेवला आणि तो तीन दिवसांनी आंबला, हे सगळ्या मोहल्ल्याला कळलं. त्या आठवड्यात काशीराम वर कातळावर आप्पांकडे गेला. आप्पा म्हणजे हायस्कुलातले जुने हेडमास्तर. आता कलमांची बाग, आणि घरात बैलाच्या पाठीवर घालावा एवढा एक जुना शब्दकोश. दोन्हींवर त्यांचा सारखाच जीव.

"मात?" आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "अरे, काय शब्द काढलास! बस. बुद्धिबळात शह आणि मात, बरोबर? इराणी म्हणतात, मात म्हणजे राजा हतबल झाला, बावचळला. अरब म्हणतात, छे, राजा मेला. त्यांचं ते भांडण अजून चाललंय. आणि आपण काय केलं माहिती आहे? आपण तो शब्द जिंकणाऱ्याच्या हातात दिला. मात केली! मेलेला पटावरच राहिला." आप्पा खूश होऊन हसले. "आणि जुन्या मराठीत बघ, मात म्हणजे गोष्ट. बातमी. हा मात वेगळा हो, हा खालून आलेला, कानडीतून. कानडीत मातु म्हणजे शब्द. बोलणं. एकाच्या घरी मेला, एकाच्या घरी जिंकला, एकाच्या घरी नुसता बोलला. सुंदर! कशासाठी हवं होतं तुला?"

"असंच," काशीराम म्हणाला.

"असंच वाचणारे राहिले कुठे आता," आप्पा म्हणाले आणि त्याला वाटेत खायला दोन आवळे दिले.

दुसऱ्याच दिवशी काशीराम हफीजाच्या ओटीवर जाऊन बसला. त्याला वाटलं, शब्दाची सगळी कुळकथा पुढे मांडली की बाईला आपोआप कळेल की चूक कुठे झाली. त्याने इराण सांगितलं, अरबस्तान सांगितलं, बुद्धिबळ सांगितलं. काही लपवायचं नाही म्हणून कानडीही सांगितलं. हफीजा तांदूळ निवडत ऐकत होती. कानडीशी तिचा हात थांबला.

"कानडीत कय म्हणालास?"

"मातु. म्हणजे बोलणं. पण चाची, त्याचा इथे—"

"कुंदापूर कर्नाटकात ना?"

काशीरामला पुढचं दिसलं, पण तोवर उशीर झाला होता. "व्हय."

"मग फोनवर तोच होता. तो सोबती. झैनला बोलायचं हय म्हणाला तो. मात, मात. दोनदा म्हणाला." तिने सूप बाजूला ठेवलं. "आणि तू शुक्रिया म्हणून फोन ठेवून दिलास?"

"चाची, त्याने पत्रात स्वतः लिहिलंय—"

"माजा पोर तिकडे बोलायला उभा होता आणि तू फोन ठेवलास, काशीराम!"

ती तडक बंदरावर गेली. होड्यांवर कर्नाटकातले खलाशी असत. त्यातल्या एकाला तिने विचारलं, मात म्हणजे काय. तो म्हणाला, "बोलना, अम्मा. माताडु, बोलो." त्या गरीब माणसाने खरं तेच सांगितलं.

तेव्हापासून हफीजा सकाळी दहाला पेटीत येऊन स्टुलावर बसे ते पाचपर्यंत. घंटा वाजली की काशीरामच्या आधी तिचा हात. "झैन?" मुंबईहून कोणाचा नवरा बोले, कोणाची मावशी बोले, सगळ्यांना आधी 'झैन?' ऐकावं लागे. मग हफीजा रिसीव्हर काशीरामकडे देई आणि पुन्हा हात मांडीवर ठेवी. महिनाभरात मुंबईतल्या जयगडकरांना त्याची सवय झाली. ते 'हॅलो' न म्हणता आधी 'नाय चाची' म्हणत आणि मग निरोप सांगत.

घरी इफ्फत चुडा घालून स्वयंपाक करत होती. फेब्रुवारी संपत आला.

"मास्तर, मी बोलून काय होत नाय," काशीराम हमीद मास्तरांना म्हणाला.

"होतं ना. वाईट होतं," मास्तर म्हणाले. "तू फार बोलतोस. लिहितोसही फार." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ती कचेरीचा कागद मानत नाही. माझं मानत नाही. तुझ्या हातचं मानते. पण तुझ्या हातचं तिने वाचलंय कुठे? ते इफ्फतने वाचलं. तिला स्वतःला जी अक्षरं येतात ती वेगळी."

"मला ती नाय येत."

"तीन तर शिकायची आहेत."

मीम, अलिफ, 'ते': म, आ, त. काशीराम पाच दिवस संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर बसला. बीए, मराठी, वय एकतीस. पेन सारखं डावीकडून धावे आणि मास्तर पाटावर बोट आपटत, "उजवीकडून!" मीमला गाठ, ती अलिफच्या उभ्या रेघेला जोडायची, तिथे हात उचलायचा, मग 'ते'. होडीसारखा आकार. शिरोरेषा कुठेच नाही. हात ठेवायला छप्पर नसल्यासारखं काशीरामला वाटे. त्याचं अक्षर बालवाडीतलं आलं. तालुक्यात पहिला येणारा माणूस ते पाहून कोणाला दाखवणार नाही असं.

अठ्ठावीस तारखेच्या दुपारी पेटीत दोघंच होती. हफीजा स्टुलावर, पदर डोक्यावरून, नजर फोनवर. काशीरामने खणातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"चाची, त्या दिवशी मी जे ऐकलं ते लिहिलं नव्हतं. ऐकलं ते एवढंच."

"वाच."

"नाय. माझ्या तोंडाने नको. तू वाच."

तिने कागद उचलला, लांब धरला, मग मांडीवर ठेवून उजव्या कडेला बोट टेकलं.

"मीम," ती म्हणाली. बोट सरकलं. "अलिफ." बोट थांबलं. पहाटे कुराणावरून बोट फिरवताना या शब्दावरून ती किती वेळा पुढे गेली असेल. पुढे जायचं असायचं म्हणून कधी थांबली नव्हती.

तेवढ्यात घंटा वाजली. हफीजाचा हात उठला नाही. काशीरामचाही नाही. घंटा वाजत राहिली, आणि मग पलीकडचा माणूस दमला.

"चुकलंय," हफीजा म्हणाली.

"काय?"

"'ते'ला वर दोन नुक्ते असतात. तू एकच दिलास."

काशीरामने वाकून पाहिलं. एकच ठिपका होता. दुसरा द्यायचा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अक्षर कमी पडलं होतं, आणि ते सांगायला समोर हफीजा होती.

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. टोपण तिला उघडेना, ते त्याने उघडून दिलं. मग पहिल्या ठिपक्याशेजारी तिने दुसरा दिला, हळूच, भाकरीवर तीळ ठेवावा तसा. शब्द पुरा झाला, कुराणातला, कानडी नव्हे. तिने ओठांत तो एकदा जुळवला, आवाज न करता. पेन परत दिलं. कागदाची घडी करून ती कमरेला खोचली आणि उतरणीने घरी गेली. वाटेत तिला दोघी-तिघींनी हाका मारल्या, त्यांना तिने ओ दिली नाही.

त्या संध्याकाळी इफ्फतचा चुडा हफीजाने स्वतःच्या हाताने उतरवला. उंबऱ्यावर बसून, एकेक. फोडला नाही. इफ्फतला चार महिने दहा दिवसांतले शेवटचे अकरा मिळाले. ती त्या अकरा दिवसांत इतकी रडली की शेजारणी म्हणाल्या, पोरीने मागचं सगळं भरून काढलं. बकरी ईदनंतर भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तीन वर्षांनी पालीत तिचं दुसरं लग्न झालं. तिथल्या शेजारच्या दुकानाचा फोन नंबर तिने काशीरामला फोन करून कळवला.

हफीजा पुन्हा पेटीत आली नाही. रस्त्यात भेटली तर, "बरा हयस ना?" विचारी. तेवढंच. 'माफ केलं' हे दोन शब्द ती कधी बोलली नाही, आणि तिने ते म्हणावेत असं काशीरामलाही वाटलं नाही.

त्यानंतर काशीराम ऐकेल तसं लिहू लागला. 'म्हस व्याली, रेडा झाला.' 'पोरगा आपटला.' ऐकू आलं नाही तर 'ऐकू आलं नाही' असं लिहून पाठवी. लोकांना ते रुचलं नाही. भिकाजी एकदा म्हणाला, "पूर्वी काय सुंदर लिहायचास रे! आता नुसत्या तारा पाठवतोस." काशीराम हसला नाही. पुढे एकेकाच्या खिशात मोबाइल आले, चिठ्ठ्या थांबल्या. दोन हजार पाचच्या सुमाराला टेलिफोनवाल्यांनी बिलाचं यंत्र काढून नेलं. फोन तेवढा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला. कोणी फोन करत नसे, तरी तो पेटी उघडून बसे.

दोन हजार सहाच्या पावसाळ्याआधी हफीजा गेली. दोनच दिवस ताप आला. हमीद मास्तर पेटीशी आले आणि म्हणाले, "इफ्फतला तू कळव. तिचा नंबर तुझ्याकडेच आहे."

काशीरामने पालीतल्या दुकानात फोन लावला. इफ्फतला बोलवायला माणूस गेला. ती यायला पाच-सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात जुने चारही शब्द त्याच्यापाशी येऊन उभे राहिले. त्याने त्यातला एकही घेतला नाही.

"हॅलो? काशीरामदादा? कय झालं?"

"हफीजाचाची मेली."

पलीकडे दुकानातल्या रेडिओवर बाजारभाव चालले होते, ते ऐकू येत होते.

"ऐकलंस, इफ्फत?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस ते सांग."

"सासू मेली," इफ्फत म्हणाली.

"व्हय," काशीराम म्हणाला. मग पुन्हा एकदा तिच्याकडून ते वदवून घेतलं, आणि मगच त्याने फोन खाली ठेवला.